पायांतली ताकद आणि पायांतला वेग
(कचारगड, ता. सालेकसा, जि. गोंदिया येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

 

ज्याचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्याने पायांच्या व्यायामावर बोलावं याचं समोरच्या काही मंडळींना नवल वाटत असेल. पण प्लेटोची अकादमी आणि अ‍ॅरिस्टॉटलचं लायसियम ह्या दोन्ही जागा मुळात अथेन्समधल्या व्यायामाच्या जागा होत्या, हे आपण विसरतो. पोरं तिथं कुस्ती खेळायची आणि बाजूलाच न्याय म्हणजे काय यावर वाद चालायचा. आपल्याकडे छांदोग्य उपनिषदात नारद आणि सनत्कुमार यांचा संवाद आहे. त्यात एकाहून एक वरच्या गोष्टींची चढती यादी येते आणि तिथे बल हे विज्ञानाच्या वर ठेवलेलं आहे. कारणही अगदी साधं दिलंय. अंगात बळ असेल तर माणूस उठतो, उठला तर गुरूकडे जातो, गेला तर ऐकतो, आणि मग त्याला कळतं. म्हणजे ज्ञानाची सुरुवात पायांपासून होते, बरं का.

असो. इथे समोर पन्नास-साठ मुलंमुली बसली आहेत, त्यांना उपनिषदापेक्षा पोलीस भरतीची काळजी जास्त आहे, आणि ते बरोबरच आहे. मैदानी चाचणी पन्नास गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याला २० गुण. १०० मीटर धावण्याला १५ आणि गोळाफेकीला १५. ज्या घरात नोकरीचं उत्पन्न नाही, त्या घरात शंभर मीटरमधल्या अर्ध्या सेकंदाला काय किंमत असते, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. आणि तरी तयारी कशी चालते? पहाटे उठायचं, डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर पळायचं, परत यायचं, दोनशे बैठका मारायच्या. रोज तेच. सहा महिन्यांनी १६०० मीटरची वेळ सुधारलेली असते आणि शंभर मीटरची जिथल्या तिथे. मग पोरगा म्हणतो, माझ्यात वेग नाहीच, तो जन्मजात लागतो. जन्मजात काही असतं हे खरं. पण आधी हे बघा की वेगाचा व्यायाम त्याने केलाच कुठे?

इथे शब्दांचा घोळ आहे, तो आधी सोडवू. माझा धंदाच तो. मराठीत आपण ताकद, जोर, शक्ती, दम हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. पण या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चिखलात रुतलेली गाडी ढकलून काढणं ही ताकद. तिथे हालचाल हळू असते, जोर प्रचंड. नदीकाठी उभं राहून गोटा लांब भिरकावणं हा वेग. तिथे वजन काहीच नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून दिवसभर काम करणं हा दम. आणि पॉवर, जिला भौतिकशास्त्रात शक्ती म्हणतात, ती जोर आणि वेग यांचा गुणाकार आहे.

हिशेबच करून बघू. साठ किलोचा मुलगा तीन मीटर उंचीच्या पायऱ्या चढतो. बारा सेकंदांत चढला तर साधारण १४७ वॅट. तीन सेकंदांत चढला तर जवळपास ५९०. काम तेवढंच झालं, उंची तीच, मुलगा तोच. शक्ती चौपट. आता मला सांगा, जो मुलगा रोज बाराच सेकंदांत चढतो, पण शंभर वेळा चढतो, त्याच्या शरीराला तीन सेकंदांत चढायला कोण शिकवणार?

ए. व्ही. हिल नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ होते. स्नायूंमधल्या उष्णतेवरच्या कामाला १९२२ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांनी १९३८ साली बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून एक नियम मांडला: स्नायू जितक्या वेगाने आखडतो, तितका त्याचा जोर कमी होतो. पूर्ण जोर लावायचा तर हळू, पूर्ण वेग हवा तर हलकं. शक्ती सगळ्यात जास्त कुठे मिळते? दोन्ही टोकांच्या मध्ये कुठेतरी. म्हणून फक्त जड वजन उचलणारा मंद राहतो आणि फक्त पळणारा एका जागी येऊन अडकतो. दोन्ही लागतं.

आता पळण्याकडे येऊ. जोरात पळणारा माणूस पाय हवेत भराभर हलवतो म्हणून वेगवान असतो, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेत पीटर वेयँड आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे मोजलं. वेगवान आणि मंद धावपटू पूर्ण वेगात असताना त्यांचा पाय हवेतून पुढे यायला लागणारा वेळ जवळपास सारखाच निघाला. फरक होता जमिनीला मारलेल्या रेट्याचा. वेगवान माणूस जमिनीला जास्त जोराने ढकलतो, आणि तेही फार थोड्या वेळात. अव्वल धावपटूचा पाय जमिनीला लागतो तो सेकंदाचा दहावा हिस्सा, किंवा त्याहून कमी. स्नायूला आपला पूर्ण जोर उभा करायला याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो. म्हणजे अंगात किती ताकद आहे एवढंच विचारून भागत नाही. त्यातली किती ताकद त्या दहाव्या हिश्शात बाहेर येते, हा खरा प्रश्न. अ‍ॅरिस्टॉटलने 'डुनामिस' म्हणजे सुप्त सामर्थ्य आणि 'एनर्गेया' म्हणजे प्रत्यक्षात उतरलेलं सामर्थ्य असा भेद केला. शंभर मीटरच्या रेषेवर तो भेद फार स्वच्छ दिसतो.

आपल्या तालमीतल्या बैठकांबद्दल बोलतो, कारण इथे गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. जिममध्ये जाणारी शहरी मुलं बैठकांना हसतात, आणि जुने वस्ताद म्हणतात की बैठकांपलीकडे काही नाहीच. बैठक हा उत्तम व्यायाम आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले, ती माती आणि ती तालीम आपलीच. पण पाचशे बैठकांमधली पहिली पाच आणि शेवटची पाच यांत शरीर वेगळं काम करत असतं. ज्या हालचाली तुम्ही सलग पन्नास-शंभर वेळा करू शकता, त्या दम वाढवतात, ताकद फार नाही. ताकदीसाठी वजन असं हवं की सहाव्या-सातव्या वेळी तुम्हाला थांबावंसं वाटेल. जुन्या पैलवानांना हे माहीत होतं. गळ्यात दगडी कडं अडकवून किंवा जोडीदाराला खांद्यावर घेऊन ते बैठका मारत, ते उगाच नव्हे.

लोखंड नसेल तर काय? धानाचं पोतं आहे की. खतांच्या रिकाम्या पिशवीत रेती भरा, वीस किलो, मग पंचवीस, मग तीस. छातीशी कवटाळून बैठक. टाच जमिनीवर, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेत, तो आत कोसळू द्यायचा नाही. पाच वेळा करा, तीन मिनिटं बसा, पुन्हा पाच. असे चार-पाच फेरे. त्या तीन मिनिटांचा पोट्ट्यांना फार कंटाळा येतो. घाम न येता बसून राहणं म्हणजे व्यायाम वाटतच नाही. पण ताकद आणि वेग यांचा व्यायाम ताज्या अंगाने करायचा असतो. थकल्यावर जे करता, तो दमाचाच व्यायाम होतो, नाव काहीही द्या.

त्याच पोत्याने दुसरा प्रकार: पाठ सरळ ठेवून, कमरेतून वाकून, पोतं जमिनीवरून उचलून उभं राहायचं. यात नितंब आणि मांडीमागचे स्नायू काम करतात, आणि पळताना शरीर पुढे फेकणारे तेच आहेत. तिसरा, एका पायाचा: गुडघ्याएवढ्या ओट्यावर एक पाय ठेवून वर चढायचं, खालच्या पायाने उडी न घेता. पळताना तुम्ही कधीही दोन पायांवर नसता, म्हणून एका पायाची ताकद वेगळी कमवावी लागते. आणि पोटरीसाठी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली. टाचेमागची जाड शीर रबरासारखी ताणली जाते आणि परत सुटते. ती जितकी घट्ट, तितका ऊर्जेचा परतावा चांगला.

आता ह्या डोंगराकडे या. माघ पौर्णिमेला इथे महाराष्ट्रातून, छत्तीसगडहून, मध्य प्रदेशातून, तेलंगणातून गोंड बांधव येतात. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, सगळे गुहेपर्यंत चढतात. दरेकसा स्टेशनवर उतरून आलेल्या कुणालाही दुसऱ्या दिवशी विचारा, काय दुखतंय? मांडीचा पुढचा भाग. आणि केव्हा दुखायला लागलं? चढताना धाप लागली, पण पाय दुखले ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. बहुतेकांना वाटतं की चढण्याने दुखलं. खरं म्हणजे उतरण्याने दुखलं.

का, ते समजून घेण्यासारखं आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू लांब होत होत भार धरून ठेवतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. असं लांबत असताना स्नायू आखडतानापेक्षा जास्त जोर पेलू शकतो, तेही कमी दमात. म्हणून उतरणं सोपं वाटतं. पण त्याच वेळी स्नायूच्या आत बारीक बारीक मोडतोड होते, आणि तिची दुरुस्ती चालू असताना एक ते तीन दिवस दुखतं. 'लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं' असं आपल्याकडे सर्रास सांगतात, ते चूक आहे. ते तर तासा-दीड तासात निघून जातं. गंमत अशी की पंधरा दिवसांनी पुन्हा तोच डोंगर उतरलात तर निम्मंसुद्धा दुखत नाही. एकदाच्या अनुभवाने स्नायू शहाणा होतो आणि ते शहाणपण काही आठवडे टिकतं.

याचा उपयोग करून घ्यायचा. बैठकीत खाली जाताना चार सेकंद घ्या, वर येताना झटक्यात या. आठवड्यातून दोनदा, पहिल्या आठवड्यात अगदी थोडं. आणि मांडीमागच्या स्नायूसाठी एक प्रकार शिकून घ्या: घोंगडीची घडी करून त्यावर गुडघे टेका, मित्राला दोन्ही घोटे घट्ट धरायला सांगा, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुका. जिथे तोल सुटेल तिथे हात टेका. सुरुवातीला चार-पाच वेळाच. जोरात पळणाऱ्यांचा मांडीमागचा स्नायू लचकतो, ती दुखापत ह्या एका व्यायामाने जवळपास निम्म्याने कमी होते, असं अनेक खेळाडूंवरच्या अभ्यासांत दिसलंय. भरतीच्या आठ दिवस आधी स्नायू लचकून घरी बसलेली पोरं प्रत्येक गावात आहेत. ह्या व्यायामाला खर्च शून्य आहे.

चढाचा उपयोग वेगळा. चढावर पूर्ण जोराने आठ-दहा सेकंद पळा, चालत खाली या, दोन-तीन मिनिटं थांबा, पुन्हा. सहा वेळा पुरे. चढावर पाय जमिनीवर थोडा जास्त वेळ राहतो, रेटा लावायला सवड मिळते, आणि वेग कमी असल्याने स्नायू लचकण्याचा धोका कमी. फक्त यात्रेची वाट सोडून दुसरा मातीचा चढ निवडा. ही वाट लोकांच्या श्रद्धेची आहे, तिचं मैदान करू नका.

उड्यांबद्दल थोडक्यात. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात उंचावरून खाली उडी मारून लगेच वर उसळायचा व्यायाम रूढ केला. तो फार परिणामकारक आहे आणि नवशिक्यासाठी फार धोक्याचाही. तुम्ही जागेवरून लांब उडी, दोरीच्या उड्या, एका पायावर लंगडी इथून सुरुवात करा. लंगडी हा आपला खेळ आहे आणि पायाच्या उसळीसाठी त्यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही. एका दिवसात पायाचे चाळीस-पन्नास आघात पुष्कळ झाले. मातीवर करा, सिमेंटवर नको.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे सगळ्यांना माहीत आहेत. शाळेसाठी रोज काही किलोमीटरची पायपीट, पुढे सैन्यात महार रेजिमेंट, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, आणि २०२४ मध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांत. ही गोष्ट आपण 'गरिबीने पळायला शिकवलं' अशी सांगतो. मला ती तशी सांगणं पटत नाही. त्या शर्यतीत ९१ सेंटिमीटर उंचीचे २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. पस्तीस वेळा थकल्या पायाने शरीर वर उचलायचं. शाळेच्या पायपिटीने दम दिला असेल, पण बाकीचं सगळं शास्त्रशुद्ध कष्टाने कमावलेलं आहे. तुमच्याही पायांत बांधीतल्या कामाने, तेंदूपत्त्याच्या दिवसांत रानात फिरण्याने दम आलेला आहे. जो आलाच आहे त्यावर अजून पाच किलोमीटर घालण्यापेक्षा जे नाही ते मिळवा.

आणि मुलींना एक सांगतो. वजन उचलल्याने मुलीचं शरीर पुरुषासारखं होतं, ही भीती निराधार आहे. तुमच्यासाठी वेगळा, हलका व्यायाम नाही. हाच व्यायाम, तुमच्या वजनाच्या हिशेबाने.

किती करायचं हा प्रश्न अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रात एका पैलवानाच्या उदाहरणाने सोडवलाय. दहा माप अन्न जास्त होतं आणि दोन कमी पडतं, म्हणून प्रशिक्षक सगळ्यांना सहा माप देत नाही. तेवढं मायलो पैलवानाला थोडं होईल आणि नवशिक्याला फार. मध्यम म्हणजे आकड्यांचा मध्य नव्हे, ज्याच्या त्याच्या मानाने. तेव्हा मोबाईलवर बघून दुसऱ्याचा व्यायाम जसाच्या तसा करू नका. ताकदीचे दोन दिवस, वेगाचे दोन दिवस, मध्ये विश्रांती. दहा-बारा आठवडे धीर धरा. पहिल्या महिन्यात दंड-मांड्या फुगलेल्या दिसणार नाहीत, तरी वजन वाढवता येईल, कारण आधी मज्जातंतू शिकतात आणि स्नायू मागाहून भरतात.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण ते ह्या भागाचं आहे. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. ज्याला हा आजारच आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असला व्यायाम करू नये. पण वाहक, म्हणजे ज्याच्यात एकच जनुक आहे, तो अगदी ठणठणीत असतो. त्याला स्वतःलाही माहीत नसतं. असा मुलगा उन्हात, तहानेला, सवय नसताना जिवाच्या आकांताने पळाला तर स्नायू वितळण्यासारखी अवस्था येऊ शकते. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे ४८ हजार सैनिकांवरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. वाहकांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त नव्हतं, पण हे स्नायू वितळण्याचं प्रमाण दीडपट होतं. तिथे सगळ्याच सैनिकांसाठी पाणी, विश्रांती आणि हळूहळू सराव यांचे नियम पाळले जात होते. म्हणजे वाहकाने पळू नये असं नाही. त्याने माहिती करून घेऊन पळावं. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी अपेक्षित आहे. लाजू नका. पळताना पाय गळून जात असतील, दुखण्यापेक्षा अशक्तपणा जास्त असेल, तर 'पेटका आलाय, पळ अजून' असं कुणी म्हटलं तरी थांबा. सावलीत बसा, पाणी प्या, आणि बरं वाटलं नाही तर थेट दवाखाना. लघवी चहासारखी काळपट झाली तर एक तासही वाट बघू नका.

खाण्याचं फार सांगत नाही. भाताबरोबर डाळ, अंडी, तलावातले मासे, शेंगदाणे, जवसाची चटणी. पावडरचे डबे घेण्याआधी हे पोटभर होतंय का ते बघा. लाखोळीच्या डाळीबद्दल मात्र इथे बोलायला हवं. अधूनमधून वरण खाल्लं तर भीती नाही. महिनोन्महिने तेच मुख्य अन्न झालं तर पाय कायमचे लुळे पडतात, हे दुष्काळांत लोकांनी भोगलंय. आणि मैदानाबाहेर कुणी इंजेक्शन देतो म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहा. शिशीत काय आहे ते त्यालाही ठाऊक नसतं.

थोडे प्रश्न आलेत, ते घेतो.

एका मुलाने विचारलंय, वजनाने गुडघे खराब होतात का. निरोगी गुडघा वाढत्या वजनाची सवय करून घेतो. तो खराब होतो एकदम वाढवलेल्या वजनाने आणि दुखत असताना दामटण्याने. दुखणं दुसऱ्या दिवशीही सांध्यात राहिलं, स्नायूत नव्हे, तर वजन निम्मं करा.

एक मुलगी विचारते, गोळाफेकीसाठी हात मजबूत करायचे ना? हातांनी गोळा सुटतो, पण त्याची सुरुवात मागच्या पायाच्या रेट्याने होते. पाय, कंबर, खांदा आणि शेवटी हात. तेव्हा हीच पोत्याची बैठक तुमच्या गोळ्यालाही कामाची आहे.

अनवाणी पळावं का? मैदान स्वच्छ असेल आणि लहानपणापासून सवय असेल तर हरकत नाही. चाचणीत बूट घालणार असाल तर निदान महिनाभर त्याच बुटांत सराव करा. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

शेवटचा प्रश्न, चाचणीच्या किती दिवस आधी व्यायाम थांबवायचा. पूर्ण थांबवू नका. दहा दिवस आधी शेवटचं जड वजन. त्यानंतर व्यायाम निम्मा करा, पण वेग तोच ठेवा: तीस-चाळीस मीटरच्या चार धावा, मध्ये भरपूर विश्रांती. दोन दिवस आधी फक्त चालणं आणि हलकं अंग मोकळं करणं. आणि आदल्या रात्री गोंदियाला लॉजवर जागत बसण्यापेक्षा शक्य असेल तर नातेवाइकाकडे उतरा, जेवा आणि झोपा.